गोताडबुवांचा पक्ष

गोताडबुवांना एखादी गोष्ट पटली आहे, असं दृश्य आमच्या यार्डात कोणी पाहिलेलं नव्हतं. ऑगस्टातली दुपार असावी, पत्र्याच्या स्टोअरमध्ये पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत असावा, आणि आपण घाम पुसत म्हणावं, "बुवा, आज फार गरम आहे हो." बुवा डोळे बारीक करणार, काउंटरवर बोटांनी टकटक करणार आणि म्हणणार, "कुठं गरम हाय? पक्ष सांगा." मी नागपूरचा. उन्हाच्या बाबतीत रत्नागिरीच्या माणसाने माझी परीक्षा घ्यावी, हेच मुळात हास्यास्पद. पण त्या उकाड्यात भांडायचं त्राण नसतं, म्हणून आपण म्हणावं, "बरं, नाही गरम." की बुवा तत्काळ उडी मारून पलीकडे. "नाय कसं? भायेर डांबर पातळ झालंय नि तुमी म्हणता नाय गरम?"

हे बुवा आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. कंपनी आखातातली, लोखंडाचे सांगाडे बनवते. तिचं डोकं जुमेरा लेक टॉवर्समध्ये, काचेत आणि एसीत. हातपाय उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, धुळीत. मी पर्चेस ऑफिसर म्हणून आधी डोक्यात होतो. एका मीटिंगमध्ये मॅनेजरच्या प्रेझेंटेशनबद्दल माझं प्रामाणिक मत सांगितलं आणि महिन्याभरात हातपायांत आलो. माझा स्वभाव कुचकट आहे, असं बायको म्हणते. मला तो चिकित्सक वाटतो.

तर यार्डातल्या कोणाला साधे हातमोजे हवे असले, तरी बुवांच्या काउंटरवर आधी वाद घालावा लागे. हातमोजा हातासाठी की हात हातमोज्यासाठी? पक्ष सांगा. बिचारा बिहारी हेल्पर, त्याला पक्ष म्हणजे काय हेही ठाऊक नाही, तो "भैया, जल्दी दे दो" म्हणत हात जोडायचा. बुवांना दया यायची नाही. शेवटी फोरमनने एक ट्रंकभर हातमोजे वेल्डिंग शेडमध्येच आणून ठेवले.

आता, नुसता वाद घालणारा माणूस मराठी समाजाला नवीन नाही. आमच्या घरच्या लग्नांत असे किमान चार असतात. बुवांची तऱ्हा पुढची. ते वाद पद्यात घालत, आणि तेही फिलिपिनो लोकांच्या तागालोग भाषेत.

याचं मूळ असं. बुवा संगमेश्वराकडचे. तरुणपणी गावच्या कलगी-तुऱ्यात शक्तीवाल्यांचे शाहीर होते. एका बाजूला कलगीवाले, म्हणजेच शक्तीवाले, समोर तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि मधून मधून एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या. आपण तीन तालुके गाजवले, असं बुवा सांगतात. ते तालुके इथून फार लांब असल्यामुळे खात्री करून घेता येत नाही. पुढे गावातली तरणी पोरं बाहेर गेली, तुरेवाल्यांचे बुवा वारले, आणि हे शक्तीवाले शारजाला येऊन पोचले.

कंपनीच्या कामगार-कॅम्पमध्ये इंडियन लोकांच्या खोल्या भरलेल्या होत्या. कॅम्प बॉसने यांची पेटी उचलून फिलिपिनो खोलीत टाकली. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी बुवांनी पाहिलं, की व्हरांड्यात दोन माणसं समोरासमोर उभी राहून काव्यात भांडतायत आणि तिसरा मध्ये उभा राहून दोघांना आवरतोय. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पण एक बोलतो, दुसरा छातीवर हात ठेवून ऐकतो, लोक "वा" म्हणतात, मग दुसरा पुढे येतो, हे सगळं यांना तोंडपाठ. बुवा म्हणतात, "मी वळखलं. ह्यो आमचाच खेळ, फकस्त ढोलकी नाय." आणि या गृहस्थांनी लुंगीवरच पुढे होऊन तुरेवाल्यांना टाकायचा एक सवाल खड्या आवाजात गाऊन टाकला. समोरच्या माणसाला ओ की ठो कळलं नाही. त्याने छातीवर हात ठेवून पूर्ण ऐकलं आणि तागालोगमध्ये जवाब दिला.

तो माणूस रोमी. वेल्डर. फिलिपिनो लोक थोरल्या भावाला 'कुया' म्हणतात, म्हणून सगळे त्याला कुया रोमी म्हणायचे. बुवांच्या आयुष्याची पुढची सगळी वर्षं त्या एका जवाबाने बिघडवली, असं माझं मत आहे.

या खेळाला बालागतासान म्हणतात. चार ओळींचं कडवं, ओळीला बारा अक्षरं, सहाव्या अक्षराला दम घ्यायचा, शेवटी यमक. विषय दुसऱ्या कोणीतरी द्यायचा आणि पक्ष चिठ्ठी टाकून ठरवायचा. तुम्हाला काय पटतं, हे कोणी विचारत नाही. चूल थोर की तवा, असे विषय. चिठ्ठीत तवा आला, की माणसाने तव्यासाठी रक्त आटवायचं. मध्ये उभा असतो तो लाकानदिवा, म्हणजे पंच. तोही पद्यात बोलतो आणि शेवटी निकाल देतो. धडधाकट माणसं सुट्टीच्या दिवशी हे करतात.

बुवा रोमीकडून ती भाषा शिकले, काव्य शिकले. कसे शिकले, ते मी जोसीला विचारलं. जोसी आमच्या जुमेऱ्याच्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट, मनिलाची. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, की अर्धे शब्द तिच्या पणजीच्या काळातले आहेत, अर्धे मासळीबाजारातले, आणि उच्चार कुठले ते देवाला ठाऊक. दर ऑगस्टात, त्यांच्या भाषेच्या महिन्यात, शारजातल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन त्यांचं मंडळ सामना भरवतं. शेवटची जोडी ठरलेली, कुया रोमी विरुद्ध गोताड. हॉल भरतो तो गोताडला हसायला. "त्याला ते माहीत नाही," जोसी म्हणाली. मला फार बरं वाटलं. माझ्या मतांना असा परस्पर पाठिंबा क्वचितच मिळतो.

सामन्यासाठी बुवांनी फिलिपिनो पद्धतीचा झिरझिरीत भरतकामाचा शर्ट शिवून घेतला होता, शारजाच्या रोल्ला भागातल्या एका शिंप्याकडून, ज्याने तसा शर्ट जन्मात पाहिला नव्हता. तो घातला की बुवा लग्नातल्या बँडमध्ये पिपाणी वाजवणाऱ्यासारखे दिसत. त्यावर डोक्याला लाल फेटा. अशा वेशात हा माणूस दर वर्षी मंचावर जायचा, हरायचा, आणि सोमवारी सकाळी काउंटरवर बसून निकाल कसा चुकला ते मला समजावून सांगायचा. रोमीला त्यांनी एकदाही हरवलं नव्हतं.

एकदा त्यांनी आमच्या महाराष्ट्र मंडळातही शिरायचा प्रयत्न केला. मी सांस्कृतिक समितीत आहे. गणपतीत आपण आणि रोमी मिळून दोन भाषांतला कलगी-तुरा करतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "पण हे सगळं व्हल्गर वगैरे नसतं ना?" दुसरे म्हणाले, मुलं बोअर होतील. आमच्या मुलांना मराठीत काही विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर देतात, त्यामुळे ती कशानेही बोअर होतात. शेवटी सालाबादप्रमाणे भावगीतांचा कार्यक्रम झाला आणि मी पहिल्या रांगेत बसून झोप काढली.

आता या वर्षीची गोष्ट. जूनपासून रोमीचं काहीतरी बिनसलं होतं. तो एकाच सकाळी दोनदा चष्मा मागायला स्टोअरमध्ये यायचा. एकदा कॅम्पची बस सोडून भलत्याच कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसला. एके दिवशी डोळ्यांवर काच न ओढता त्याने वेल्डिंग सुरू केलं, तेव्हा सेफ्टी ऑफिसरने त्याला हाताला धरून बाजूला नेलं. डॉक्टरने तपासलं. आठवण जात चालली आहे, असं निघालं. सप्टेंबरात त्याला कायमचं घरी पाठवायचं ठरलं.

बुवांचा पक्ष अर्थातच उलटा. "इसरत नाय तो. इचार करतो. तुमाला काय इचार करायची सवय नाय म्हणून तुमाला तसं वाटतं." एवढं बोलून ते आपल्या तयारीला लागले. कारण ऑगस्टातला सामना रोमीचा शेवटचा होता. बुवांनी मला स्पष्ट सांगितलं, या वेळी एकदा तरी जिंकायचंच. तो गेल्यावर मग जिंकायचं कोणाशी? मी मनात म्हटलं, आठवण जात चाललेल्या म्हाताऱ्याला हरवायला निघालेत, शाबास.

विषयही असा आला, की माणूस खरं घर कशाला म्हणतो? जिथून निघाला त्याला, की जिथे राबला त्याला? चिठ्ठ्या पडल्या. निघालेलं घर रोमीला, राबलेलं घर बुवांना.

उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरचं काम बंद ठेवायचा सरकारी नियम आहे. यार्डातली माणसं सावलीला आडवी होतात. त्या वेळात बुवा स्टोअरचं दार लोटून तालीम करायचे आणि मला लाकानदिवा म्हणून स्टुलावर बसवायचे. मला तागालोगचा गंध नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "तेच पायजेल. भाषा येत नाय म्हंजे तुमी कुनाच्याच बाजूचे नाय." एसी फक्त काउंटरमागच्या त्यांच्या केबिनला होता आणि तालमीपुरतं तिचं दार ते उघडं ठेवत, म्हणून मी तयार झालो.

तालमीची त्यांची रीत गावाकडची. आपला सवाल बांधायचा, मग समोरचा काय जवाब देईल तोही आपणच बांधायचा, आणि मग तो तोडायचा. म्हणजे बुवा आधी डाव्या बाजूला उभे राहून बुवा व्हायचे, मग उजवीकडे जाऊन छातीवर हात ठेवून रोमी व्हायचे. रोमी झाले की आवाज खाली यायचा, मान जराशी कलायची, शब्द सावकाश यायचे. प्रत्येक ओळीला काउंटरवर बारा टकटक. मग मला मराठीत अर्थ सांगायचे आणि निकाल विचारायचे. मी आलटून पालटून निकाल द्यायचो. दोघांनाही तक्रार नव्हती.

सामन्याला आठवडा राहिला असताना बुवा फार अस्वस्थ दिसले. त्यांनी रोमीसाठी एक जवाब बांधला होता आणि तो त्यांनाच तुटेना. मला म्हणून दाखवला. त्यात 'लांबात' हा शब्द आला आणि शेवट 'बाकुरान'वर झाला. लांबात म्हणजे मासे धरायचं जाळं आणि बाकुरान म्हणजे अंगण. अर्थ असा, की जाळं जन्मभर दर्यात राबतं, पण दर्याला कोणी जाळ्याचं घर म्हणत नाही. फाटलं की ते अंगणातच येतं, आणि अंगणातच कोणीतरी मांडीवर घेऊन ते विणतं.

"याला काय म्हणायचं सांगा," बुवा म्हणाले. "पंधरा दीस झाले. ह्याच्यावर माझ्याकडं काय नाय."

मी म्हटलं, "मग असलं बांधलंतच कशाला?"

"त्याच्या तोंडात शोभंल असंच आलं ते. ह्यो जवाब रोमीला सुचला, की मी खलास." मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीला हात जोडले. स्वतःच्या कल्पनेतल्या विरोधकाकडून स्वतःच्याच स्टोअरमध्ये हरलेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

सामन्याला मी गेलो तो केवळ गंमत बघायला. रविवारची दुपार, शाळेचा हॉल, दाराशी नूडल्स आणि केळ्याची भजी विकायला ठेवलेली. आधी लहान मुलींचा नाच झाला, मग एका गृहस्थाने माइक सोडायला नकार देत तीन गाणी म्हटली. म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रम जगात सगळीकडे सारखेच असतात. जोसी माझ्याशेजारी बसून अर्थ सांगत होती. मग पिपाणीवाल्याच्या वेशात बुवा आले आणि ते तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागले. समोर रोमी आला. त्याचा शर्ट खरा होता आणि जुना होता. मध्ये लाकानदिवा म्हणून एक पोक्त शिक्षिका उभ्या राहिल्या.

पहिली दोन कडवी रोमीने सुरेख म्हटली. हॉल शांत झाला. बुवांच्या कडव्यांना हशा आणि शिट्ट्या. मग बुवांनी आपला ठेवणीतला सवाल टाकला. जोसीने सांगितला तो असा, की ज्या घरात तू वर्षातून एकदा पाहुण्यासारखा जातोस आणि जिथे पेला कुठे ठेवलाय तेही तुला विचारावं लागतं, ते तुझं घर कसं? हॉल हसायचा थांबला. बऱ्याच जणांनी खाली पाहिलं.

रोमी पुढे आला. छातीवर हात ठेवला. पहिली सहा अक्षरं म्हटली, दम घेतला आणि थांबला. पुन्हा तीच सहा अक्षरं म्हटली. पुन्हा थांबला. मग तो समोरच्या लोकांकडे बघायला लागला, हे सगळे कोण आणि इथे का बसलेत, असं. त्यांच्या मंडळाचा नियम आहे, की पंचाने तीन टाळ्या वाजवेपर्यंत जवाब आला नाही, तर सामना संपला. शिक्षिकाबाईंनी खूप वेळ घालवून एक टाळी वाजवली. मग दुसरी. पहिल्या रांगेत रोमीची पुतणी बसली होती, तिने तोंडावर हात घेतला. बुवा जिंकल्यात जमा होते.

तेवढ्यात बुवा खो खो हसले. फेटा मागे सारून पुढे आले आणि रोमीकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणाले. जोसी म्हणाली, "तो म्हणतोय, हा म्हातारा काय बोलणार ते मला आधीच ठाऊक आहे. मीच म्हणून दाखवतो, ऐका." आणि रोमीची नक्कल करत, मान कलती करून, आवाज खाली आणून ते कडवं म्हणायला लागले. लोक खिदळायला लागले. बुवांची बोटं समोरच्या लाकडी स्टँडवर टकटकत होती. पहिल्या ओळीत लांबात आलं. मी खुर्चीत ताठ झालो.

बुवा सावकाश म्हणत होते. ओळ झाली की थांबून रोमीकडे बघत होते, लोकांना वाटावं की चिडवतायत. तिसऱ्या ओळीला रोमीचे ओठ हलायला लागले. चौथी ओळ बुवांनी निम्मी म्हटली, सहा अक्षरं, आणि दम घ्यायच्या जागी ते गप्प झाले. उरलेली ओळ रोमीने पुरी केली. बाकुरान. आणि मग त्याचं त्याला सापडलं. पुढची दोन कडवी त्याने अशी म्हटली, की माझ्या पुढच्या रांगेतला दांडगा क्रेन ऑपरेटर उघड रडत होता. हॉल उभा राहिला.

"वेडा आहे हा माणूस," जोसी डोळे पुसत हसत होती. "समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा स्वतःच्या तोंडाने सांगून बसला. याला खेळच कळलेला नाही." सगळा हॉल तेच म्हणत होता. बुवांची पाळी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पसरून "आपल्याकडे जवाब नाही" अशी खूण केली, आणि लोकांनी त्यांना मनसोक्त हसून घेतलं. रोमी जिंकला. ट्रॉफी प्लास्टिकची होती.

परतीच्या बसमध्ये रोमी पुढच्या सीटवर ट्रॉफी मांडीवर घेऊन झोपला होता. मी बुवांच्या शेजारी. मी म्हटलं, "बुवा, ते जाळ्याचं कडवं तुमचं होतं. एक टाळी राहिली होती. गप्प बसला असतात तर जिंकला असतात."

बुवांनी फेटा सोडून त्याची घडी घातली. "समोरचा गप झाला, तर जिंकलो कुनाशी म्हणायचं?" ते म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तीस वर्सं आयकलं माझं त्यानं. गावात बी कुनी आयकलं नाय येवढं. त्याला असा उबा ठेवून मी नाय जायचा."

 

सप्टेंबरात रोमी गेला. विमानतळावर त्याने बुवांना दोनदा निरोप दिला, कारण पहिला दिल्याचं तो विसरला होता. बुवांनी दोन्ही वेळा तेवढ्याच जोरात मिठी मारली.

त्यानंतर स्टोअरचा कारभार एकदम सुधारला. हेल्पर हातमोजे मागायचा, बुवा हातमोजे द्यायचे. कोणी म्हटलं चार बोल्ट हवेत, तर चार बोल्ट. जुमेऱ्याहून मॅनेजरचा ईमेल आला, की स्टोअरची एफिशियन्सी वाढल्याबद्दल अभिनंदन. फोरमनने हातमोज्यांची ट्रंक परत आणून दिली. मी एका दुपारी घाम पुसत आत गेलो आणि सवयीने म्हणालो, "बुवा, आज फार गरम आहे हो."

"हो," बुवा म्हणाले. "हाय गरम."

आणि पुन्हा बोल्ट मोजायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, तुमचं काव्य म्हणजे शुद्ध बाष्कळपणा होता. तर म्हणाले, "आसंल." त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकून घेतलं आणि मला ते अजिबात सहन झालं नाही, हे सरळच सांगतो. मला वाईट वाटत होतं. त्या रात्री बायकोने विचारलं काय झालं, तर मी तिच्यावरच खेकसलो.

पुढच्या दुपारी यार्डात काम बंद झाल्यावर मी स्टोअरमध्ये गेलो. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता. काउंटरवर दोन बोटं टेकवली आणि म्हणालो, "बुवा, गरम कुठे आहे? नागपूरला मे महिन्यात या म्हणजे कळेल. मला तर इथे थंडी वाजतेय."

बुवांनी वर पाहिलं. माझ्या शर्टाकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं.

"ह्यो तुमचा पक्ष?"

"हा माझा पक्ष."

"बदलायचा नाय हां. शेवटपर्यंत धरायचा."

"धरतो."

त्यांनी बोल्टांचा खोका बाजूला सारला. मी सवयीने स्टूल ओढायला वाकलो, तर म्हणाले, "बसायचं नाय. ते पंचासाठी. तुमी हिकडं, माझ्या समोर." मी समोर जाऊन उभा राहिलो. काय करायचं ते आठवलं, म्हणून उजवा हात छातीवर ठेवला, आणि बुवांनी काउंटरवर टकटक सुरू केली.